पाइन बोन्सायच्या सुया दरवर्षी तपकिरी होतात तेव्हा

थंडीच्या शेवटी झाड ठणठणीत असतं. शेंड्यांवर कँडल, म्हणजे मेणबत्तीसारख्या सरळ नव्या फुटी, उभ्या राहतात, नव्या सुया उलगडतात, यंदा काही अडचण येणार नाही असं वाटतं. मग उन्हाळा तापतो, पाऊस येतो, आणि पावसाच्या मध्यावर किंवा तो ओसरताना एखाद्या फांदीच्या सुया फिक्या पडून तपकिरी होतात. मालक पाणी वाढवतो, बुरशीनाशक मारतो, काही जण वरून खतही घालतात. थंडी पडली की झाड थोडं सावरतं आणि उपाय लागू पडला असा समज होतो. पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा तेच, आणि दर खेपेला झाडावर एखादी फांदी कमी.

उष्ण हवामानात पाइन सांभाळणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो. यातल्या बऱ्याचशा झाडांचा दोष कुंडीच्या तळाशी असतो, आणि सुया तपकिरी व्हायच्या कित्येक आठवडे आधी तो सुरू झालेला असतो. पाइनची सुई जाड सालीची, मेणचट आणि राळेने भरलेली असते. झाडावरून तोडलेली फांदीसुद्धा कित्येक आठवडे हिरवी राहते. मुळं कुजलेलं झाडही असंच वरून हिरवं दिसत राहतं. जास्वंदीचं मूळ दुखावलं तर दोन दिवसांत पानं माना टाकतात. पाइन तशी खूण करत नाही. म्हणून आज रंग बदलला तर आज काय केलं ते आठवण्यात अर्थ नाही. महिना-दीड महिना मागे जाऊन तेव्हा ऊन, पाऊस आणि पाणी कसं होतं, ते आठवा.

आधी दोन गोष्टींची खात्री

पहिली गोष्ट, हे खरोखर दुखणं आहे का? पाइन सदाहरित असला तरी त्याची एकेक सुई कायमची नसते. काळ्या पाइनच्या सुया साधारण दोन-तीन वर्षं टिकतात आणि मग गळतात. गळायच्या आधी त्या सगळीकडे सारख्या पिवळ्या होतात. ही पिवळी पडलेली सुई फांदीच्या आतल्या बाजूला, खोडाजवळ असेल आणि शेंड्याकडच्या सुया गडद हिरव्या असतील, तर काळजी नको. हाताने हलकेच ओढून काढून टाका, आत ऊन-वारा जाईल.

दुसरी गोष्ट, झाड कोणतं आहे? सुरूचं झाड पाइन म्हणून सर्रास विकलं जातं. त्याची ‘सुई’ दोन बोटांत धरून ओढली तर पेरापेरांत सुटते, कारण ती सुई नसून बारीक हिरवी डहाळी असते. अरौकेरियाही घराच्या कोपऱ्यात पाइन म्हणून उभा असतो. या दोघांचे नियम वेगळे आहेत, आणि पाइनचे उपाय त्यांच्यावर करून उपयोग नाही. खऱ्या पाइनच्या सुया झुपक्याने येतात: जपानी काळ्या पाइनला, म्हणजे पायनस थुनबर्गीला, दोन, चीडला तीन, जपानी पांढऱ्या पाइनला पाच. काळ्या आणि लाल पाइनला दोन्हीकडे दोनच सुया असतात, पण काळ्याच्या कळ्या पांढुरक्या रुपेरी आणि लालच्या तांबूस असतात. अगदी कोवळ्या रोपावर मात्र सुट्या, निळसर बाल-सुया असतात, त्यावरून काही ठरवू नका.

हे ओळखणं महत्त्वाचं आहे, कारण पांढरा पाइन डोंगराळ, थंड भागातला आहे. खरी थंडी जिथे पडत नाही तिथे तो दरवर्षी थोडा थोडा खचतो. बाजारातला पांढरा पाइन बहुधा काळ्या पाइनच्या खुंटावर कलम केलेला असतो, त्यामुळे मुळं तग धरतात आणि वरचं झाड झुरत जातं. त्याची कुंडी कितीही सुधारली तरी हा प्रश्न सुटत नाही. उष्ण भागात राहणाऱ्याने तो घेऊच नये असं मी स्पष्ट सांगेन. काळा पाइन किनाऱ्यावरचा आहे. जपानमध्ये ताकामात्सु शहराचे किनाशी आणि कोकुबुंजी हे भाग पाइन बोन्सायसाठी प्रसिद्ध आहेत, आणि तिथला उन्हाळा चांगलाच दमट आणि तिशीच्या वरचा असतो. उन्हाला आणि उकाड्याला हे झाड घाबरत नाही. कुंडीत ते मरतं ते बहुतेक वेळा मुळांना हवा न मिळाल्यामुळे.

तपकिरी रंग कुठून सुरू झाला?

भिंग असेल तर घ्या, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहा.

एक अख्खी फांदी किंवा अख्खं झाड आधी निस्तेज, राखाडी-हिरवं आणि मग एकसारखं तपकिरी होत गेलं, तर मुळांचा संशय घ्या. दरवर्षीची तक्रार बहुधा हीच असते.

सुयांची फक्त टोकं, सगळ्या झाडावर सारखीच, जळल्यासारखी दिसतात आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर बसलाय, तर क्षार साठले आहेत किंवा खत जास्त झालंय.

नव्या सुया पिवळट आणि जुन्या हिरव्या, तर लोह मिळत नाही. कारण बहुधा जड, चुनखडीचं पाणी असतं. याच्या उलट, जुन्या सुयांची टोकं आधी पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियमची कमतरता पाहा.

एकाच सुईवर तांबडे-तपकिरी आडवे पट्टे, टोक मेलेलं आणि बूड हिरवं, तर तो डोथिस्ट्रोमा नावाचा बुरशीजन्य करपा. नवी कँडल वाढता वाढता थबकली, सुया आखूडच राहून तपकिरी झाल्या, बुडाशी राळ आणि बारीक काळे ठिपके दिसले, तर ती डिप्लोडियाची शेंडेमर.

सुयांवर बारीक फिके ठिपके, सगळ्या झाडाला धुळकट कळा, तर फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले कण चालू लागले आणि बोटाने पुसल्यावर डाग उमटला, तर लाल कोळी. ही कीड कोरड्या उन्हाळ्यात वाढते, आणि सुयांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारला तर बहुतेक वेळा तेवढ्यानेच आटोक्यात येते. सुयांच्या बेचक्यात कापसासारखं काही असेल तर मिलीबग. मुंग्यांची ये-जा दिसली की तिथे आधी शोधा.

कीड-बुरशी नसेल, किंवा असूनही दरवर्षी उलटून येत असेल, तर आता कुंडीकडे वळा. अशक्त झाडावरच बुरशी पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे फवारणी करूनही कुंडी तपासणं टळत नाही.

कुंडीची तपासणी

वरून भरपूर पाणी घाला आणि मातीकडे नीट पाहा. पाणी काही सेकंदांत नाहीसं झालं पाहिजे. वर तळं साचून हळूहळू मुरत असेल तर मिश्रण बारीक झालंय किंवा मुळांनी कुंडी गच्च भरली आहे.

आता भोकांतून थेंब पडायचे पूर्ण थांबू द्या. मग कुंडी उचला आणि एका बाजूला चांगली कलती करा. पुन्हा धार लागली ना? हे पाणी तळाशी अडकून बसलं होतं. थोडं पाणी प्रत्येकच कुंडीत असं अडकतं, कारण मातीचे बारीक कण ते धरून ठेवतात आणि गुरुत्वाकर्षण त्यांच्यापुढे अपुरं पडतं. ओला स्पंज आडवा धरला तर पाणी आतच राहतं, उभा केला की खालच्या टोकातून गळतं. कुंडीतही तेच घडतं. अडकलेल्या थराची जाडी मातीच्या कणांवर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणूनच उथळ बोन्साय कुंडीत मुळांचा मोठा भाग त्या ओल्या थरात सापडतो. तळाशी खडीचा थर घातल्याने निचरा वाढतो हा समज फार पक्का बसलाय, पण त्याने तो ओला थर फक्त वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. कलती केल्यावर दोन-चार थेंब आले तर ठीक. कपभर पाणी निघालं तर दोष सापडला.

तिसरी तपासणी बांबूच्या काडीची. एक काडी खोडाजवळ आणि एक काठाजवळ, तळापर्यंत खोचा, थोड्या वेळाने काढून पाहा. काठाची काडी कोरडी आणि खोडाजवळची चिखलाने माखलेली निघाली, तर आत रोपवाटिकेतला मूळचा चिकणमातीचा गोळा तसाच आहे. विकत घेतलेल्या पाइनमध्ये हे फार आढळतं. बाहेर छान जाडसर मिश्रण, मधे लाडवासारखी घट्ट माती. पावसात हा गोळा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. उन्हाळ्यात एकदा वाळला की पाणी त्याच्या बाजूने वाहून जातं आणि गाभा कोरडाच. म्हणजे एकच झाड उन्हाळ्यात तहानेने आणि पावसाळ्यात गुदमरून मुळं गमावतं. दरवर्षी तेच दुखणं का उलटतं याचं मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं उत्तर हे आहे.

काडीचा वासही घ्या. पावसाच्या पहिल्या सरीसारखा किंवा अळंबीसारखा वास निरोगी. आंबट, गटारासारखा वास आला तर आत हवा उरलेली नाही.

उकाड्यात हे का बिघडतं

थंड हवेत जे मिश्रण चालतं तेच उष्ण हवेत मारक का ठरतं, हे समजून घ्यायला हवं. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना साधारण ७. उलट मुळांचा श्वास तापमानाबरोबर वाढतो, ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट. गरज वाढते आणि पुरवठा घटतो. त्यात पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे १० हजार पट हळू पसरतो, त्यामुळे मातीतली पोकळी पाण्याने भरली की वरून काही पोचतच नाही. आणि फायटोफ्थोरा, पिथियमसारखी मूळकूज करणारी मंडळी नेमकी अशाच उबदार, साचलेल्या पाण्यात फोफावतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली माती, तो पाइनला प्रत्येक पाण्यानंतर लवकरात लवकर परत यायला हवा.

पाइनच्या मुळांवर पांढरी, कापसासारखी बुरशी असते. ती त्याची सोबतीण आहे, पाणी आणि अन्न ओढून आणते. तिलाही हवा लागते. मुळं कुजलेल्या कुंडीत ती आधी नाहीशी होते.

आत्ता काय करायचं, थंडी येईपर्यंत

ऐन उकाड्यात किंवा भर पावसात झाड कुंडीतून काढून मुळं धुऊ नका. घाईने केलेलं हे काम झाड मारतं. दुरुस्ती थंडीच्या शेवटी, कळ्या फुगायला लागण्याआधी करायची असते. तोवर झाड जगवायचं.

कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाची पाचर ठेवा आणि कुंडी पावसाळाभर कलती राहू द्या. अडकलेलं पाणी उताराच्या बाजूने निघून जातं. काही आठवड्यांनी पाचर दुसऱ्या बाजूला न्या. भोकं तारेने मोकळी करा. सलग पाऊस असेल तर वर पारदर्शक पत्रा किंवा प्लास्टिकचं छप्पर धरा, पण बाजू उघड्या ठेवा. वारा अडला तर छपराचा निम्मा फायदा गेला. झाड सावलीत मात्र नेऊ नका. आजारी माणसाला विश्रांती द्यावी तशी लोक पाइनला सावली देतात आणि उरलंसुरलं अन्न तयार करण्याची त्याची ताकदही जाते. रोज किमान सहा तास ऊन हवंच. घरात तर पाइन ठेवायचाच नाही, निरोगीसुद्धा नाही.

खत पूर्ण बंद. पेंडही नको. कुजलेल्या मुळांना ते घेता येत नाही आणि उकाड्यात कुजणारी पेंड मातीतला प्राणवायू आणखी खाते. पाणी देताना वेळापत्रक विसरा, काडी पाहून द्या. मूळकुजीवर मेटालॅक्सिलसारखं औषध वेष्टनावरच्या प्रमाणात देता येतं, पण निचरा तसाच ठेवून दिलेलं औषध फार काळ टिकत नाही.

आणि या वर्षी एकही फांदी कापू नका, तार घालू नका. तपकिरी झालेली फांदी मेली असं लगेच ठरवू नका. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल आणि शेंड्याची कळी टणक असेल तर ती परत येऊ शकते.

थंडीच्या शेवटी कुंडी बदलताना

पाइनची सगळी माती एका वेळी काढायची नाही. मुळांच्या गोळ्याचे वरून पाहिल्यावर दोन भाग कल्पा. या वर्षी एका अर्ध्यातली जुनी माती लाकडी काडीने कोरून, लागल्यास पाण्याच्या धारेने, अगदी खोडाच्या बुडापर्यंत काढा. दुसऱ्या अर्ध्याला हात लावू नका. तो अर्धा भाग झाडाला जगवतो. पुढच्या किंवा त्यापुढच्या वर्षी, नव्या मिश्रणात मुळं धरल्यावर, उरलेला अर्धा. काळी, बोटांनी दाबल्यावर साल सुटणारी मुळं कापून टाका. पांढऱ्या बुरशीची थोडी माती बाजूला ठेवा आणि नव्या मिश्रणात कालवा.

मिश्रणात साधी माती, कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत यातलं काही नको. प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), लाव्हा खडी, अकादामा (जपानी दाणेदार चिकणमाती) मिळाले तर उत्तम. नाहीतर खंगर, म्हणजे जास्त भाजलेल्या, विटांची खडी आणि जाड नदीची वाळू यांवर काम भागतं. वीट खंगरच हवी, कारण कच्च्या विटेचा पावसात लगदा होतो. काहीही वापरा, ३ ते ६ मिलिमीटरच्या दरम्यान चाळा आणि धुऊन घ्या. चाळणीतून खाली पडणारी भुकटी हीच निचऱ्याची खरी शत्रू, ती फेकताना हात आखडता घेऊ नका. उन्हाळा अतिशय कोरडा असेल तर दहावा हिस्सा पाइनच्या सालीचे तुकडे घाला. अशा मिश्रणाला उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही पाणी लागेल. द्या. निचरा चांगला असला की जास्त पाण्याने पाइन मरत नाही.

झाड अशक्त असेल तर ते बोन्सायच्या उथळ कुंडीत परत बसवू नका. दोन वर्षं खोल कुंडीत, किंवा बाजूंना भोकं असलेल्या जाळीदार टोपलीत ठेवा. दिसायला बरं नसतं, पण मुळं लवकर सावरतात.

उन्हाने तापलेली कुंडी

हा दोष मुळकुजीसारखाच दिसतो, फक्त उन्हाळ्यात सुरू होतो आणि कुंडीच्या नैर्ऋत्य-पश्चिम बाजूची मुळं आधी जातात. गडद रंगाची कुंडी सिमेंटच्या गच्चीवर दुपारी हाताला चटका देते. साधारण ४० अंशांच्या वर बारीक मुळांना इजा होऊ लागते, आणि अशा कुंडीच्या भिंतीलगतची माती त्याच्याही पुढे जाते. झाडाला ऊन हवं, कुंडीला सावली. कुंडी गच्चीवरून उचलून लाकडी फळ्यांच्या मांडवावर ठेवा, खालून वारा खेळू द्या. पश्चिमेच्या बाजूला आडवी फळी उभी करा किंवा कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. दुपारच्या दोन-तीन तासांपुरती तीस टक्के सावली देणारी जाळी फक्त ऐन कडाक्यात. भर दुपारी तापलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी मात्र झाडावर सोडू नका, ते कढत असतं.

पाणी, बुरशी आणि कँडल

पाइनला किंचित आम्लधर्मी माती मानवते, सामू (pH) ५.५ ते ६.५. बोअरचं जड पाणी वर्षभर दिलं तर सामू चढत जातो आणि लोह मातीत असूनही मिळत नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच वापरा. नसेल तर महिन्यातून एकदा कुंडीच्या दोन-तीनपट गोडं पाणी ओतून क्षार धुऊन काढा.

करपा आणि शेंडेमरीसाठी तांब्याची बुरशीनाशकं, एक टक्का बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड, कँडल वाढत असताना आणि पाऊस सुरू होण्याआधी फवारायची. डाग दिसल्यावर मारलेलं औषध त्या सुया वाचवत नाही, फक्त नव्या सुया राखतं. गळलेल्या सुया कुंडीतून वेचून जाळा.

कँडल तोडण्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. सुया आखूड व्हाव्यात म्हणून काळ्या पाइनच्या वसंतातल्या कँडल उन्हाळ्याच्या सुरुवातीला पूर्ण काढतात आणि झाड दुसरी फूट देतं. हे फक्त जोमदार झाडाला झेपतं. मुळं अर्धी गेलेल्या झाडाने साठवलेलं सगळं अन्न पहिल्या फुटीत ओतलेलं असतं; तीच तोडली तर पावसात मुळं नव्याने फुटायला काही उरत नाही. दरवर्षी तपकिरी होणाऱ्या कितीतरी झाडांचा इतिहास विचारला की दरवर्षी न चुकता कँडल तोडल्याचं निघतं. पांढऱ्या पाइनसारख्या वर्षातून एकदाच फुटणाऱ्या जातींना तर हे कधीच करू नका. शिवाय पाइन उघड्या लाकडावर सहसा फुटत नाही, त्यामुळे कापताना फांदीवर हिरव्या सुया शिल्लक हव्यातच.

सुधारलं हे कसं कळेल

तपकिरी झालेली सुई परत हिरवी होत नाही, तिच्याकडे पाहून निराश होऊ नका. पाहायच्या त्या कळ्या. पुढच्या थंडीत त्या गेल्या वर्षीपेक्षा जाड, टणक आणि रुपेरी असतील, तर मुळं काम करतायत. भोकांच्या जाळीतून पांढरी बुरशी डोकावली तर आणखी चांगलं. अशा कळ्या दिसल्यावरच खत पुन्हा सुरू करा, अगदी थोडं, आणि पावसाळ्यात बंद. त्या वर्षीच्या कँडल पूर्ण वाढू द्या, सुया लांबलचक आल्या तरी येऊ द्या. एक पूर्ण पावसाळा एकही फांदी न गमावता गेला, तर त्यानंतरच्या उन्हाळ्यात फक्त सगळ्यांत जोमदार शेंड्यांच्या कँडल काढा आणि खालच्या फांद्या तशाच राहू द्या.